कुंचल्याची वंशावळ

इतिहासाच्या पुस्तकांत तलवारीला मान आहे, लेखणीलाही आहे. कुंचल्याला मात्र फारसे कोणी विचारीत नाही. अमुक राजाने अमुक लढाई कोणत्या साली जिंकली हे आपण घोकून पाठ करतो. पण त्या लढाईचे चित्र ज्याने वाड्याच्या भिंतीवर काढले, त्याच्या हातातला कुंचला कसला होता, त्याने रंग पातळ ठेवला की दाट, रेघ ओढताना मनगट वळवले की सगळा दंड फिरवला, हे प्रश्न कोणत्याही परीक्षेत आलेले माझ्या ऐकिवात नाहीत. आणि आता तर कुंचला हातातूनच निघून जाऊ लागला आहे. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या कोणत्याही घरात डोकावून बघा. दहाबारा वर्षांची मुलगी मोबाईलच्या काचेवर बोट फिरवते आहे आणि काचेखाली जलरंगाची रेघ उमटते आहे. रेघेच्या कडा ओल्या दिसतात, मध्ये रंग फिकट होतो, शेवटी टोक निमुळते होते. पाणी नाही, रंग नाही, केस नाहीत. नुसती काच आणि बोट.

मग, वाचकहो, ही काच कुंचल्यासारखे वागायला शिकली कोठे? तिला कोणी शिकवले? एक इतिहासाचा मास्तर या भानगडीत कशाला पडतो, असे तुम्ही म्हणाल. पडतो, याचे कारण असे की ही गोष्ट जितकी यंत्रांची आहे तितकीच माणसाच्या हाताची आहे. आणि तिची काही पाने आपल्याच या दोन जिल्ह्यांत सापडतात.

आधी खऱ्या कुंचल्याकडे पाहू. कुंचला म्हणजे काडीला बांधलेले केस, एवढे म्हणून भागत नाही. डुकराचे राठ केस तैलरंगाचा जाड लगदा ढकलू शकतात. खारीच्या शेपटीचे मऊ केस पाणी धरून ठेवतात आणि टोकाशी एका केसाइतके बारीक होतात. आपल्याकडे लघुचित्रे रंगवणारे चितारी असे कुंचले वापरीत. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांनाही मोठी मागणी असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला संरक्षण मिळाले असून त्या केसांचा व्यापार आता गुन्हा आहे. जुना ब्रश घरात असेल तर तेवढे लक्षात ठेवा. तर केस कोणते, ते बांधले कसे, त्यांत पाणी किती, कागद खरखरीत की गुळगुळीत, आणि हात जड की हलका, या पाच गोष्टी मिळून एक फटकारा होतो. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे. तेथल्या भिंतींवर पेशवाईतली चित्रे अजून दिसतात. त्या चिताऱ्यांची नावे आपल्याला कोणी सांगितलेली नाहीत. पण एखाद्या आकृतीची बाह्यरेषा जवळून पाहा. ती कोठे दाबून ओढली आणि कोठे हात उचलला, हे आजही वाचता येते. नाव पुसले गेले, हात मात्र भिंतीवर राहिला.

हा हात वाचण्याचा उद्योग ज्यांनी मोठ्या हौसेने केला, ते औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांचा जन्म १८६८ चा, मृत्यू १९५१ चा. १९०९ साली ते गादीवर आले. औंध संस्थान होते बहात्तर गावांचे, आणि तीही सलग नव्हेत, विखुरलेली. खुद्द औंध आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे, तर कुंडल आणि आटपाडी ही त्याच संस्थानची गावे आता सांगली जिल्ह्यात आहेत. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. तेव्हा सातारा-सांगली हा भेद आपण मानतो तितका जुना नाही, हे ओघात सांगून ठेवतो.

बाळासाहेब म्हटले की लोकांना सूर्यनमस्कार आठवतात. पण ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी काढलेल्या रामायणातील चित्रांचे पुस्तक १९१६ साली छापून निघाले. पुढे चित्रकारांना बरोबर घेऊन त्यांनी अजिंठ्याची चित्रे उतरवून घेतली आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या नकला करण्याला तोवर एक दुर्दैवी इतिहास जडलेला होता. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आगीत जळाल्या. तरी लोक पुन्हा पुन्हा त्या लेण्यांत शिरले आणि नकला करीत राहिले. का बरे? नक्कल करणे म्हणजे नुसते चित्र पळवणे नव्हे. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक रेषेपाशी थांबून विचारावे लागते, ही रेघ वरून खाली आली की खालून वर गेली? एका दमात की दोन दमांत? जे मूळ चिताऱ्याच्या हाताला न विचारता येत होते, ते नक्कल करणाऱ्याला विचारपूर्वक समजून घ्यावे लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

औंधच्या टेकडीवर बाळासाहेबांनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उघडले. राजा रविवर्म्यापासून धुरंधरांपर्यंत आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांची चित्रे तेथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने दगडात घडवलेली मायलेकराची मूर्तीही आहे. वेदांचे पंडित म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही मूळचे चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि लाहोरला स्वतःची चित्रशाळा चालवलेले. १९१८ च्या सुमारास ते औंधला आले आणि १९४८ पर्यंत तेथे राहिले. त्यांचे चिरंजीव माधवराव हे पुढे महाराष्ट्राचे कला संचालक झाले. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेली मुले ज्या कला संचालनालयाचे प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावतात, तेच हे खाते.

आता दुसऱ्या पानाकडे वळू. ते कुंडलच्या माळावरचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे तरुणपणी चित्रकार व्हावे म्हणून जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. एकदोन वर्षांतच एक गोष्ट उघड झाली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठे संकट कोणते? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे सायकली, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी. हा सगळा इतिहास आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे. कलाशाळेत ड्रॉइंगच्या दोन वाटा होत्या. एका वाटेने गेले की हाताला जे सुचते ते कागदावर येते. दुसऱ्या वाटेने गेले की प्रत्येक रेघेला माप असते. ती कोठून निघाली, किती अंशांत वळली, कोठे थांबली, हे आकड्यांत सांगता आलेच पाहिजे, नाहीतर कारखान्यातला मिस्त्री भाग बनवणार कसा? लक्ष्मणराव पहिल्या वाटेने निघाले आणि नाइलाजाने दुसरीवर आले. त्यांच्याच कारखान्याच्या गावातून १९२० साली जे मासिक निघाले, त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे लाहोरला सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आले होते. म्हणजे एका माळावर मापाची रेघ आणि हौसेची रेघ शेजारी शेजारी नांदत होत्या. जगात इतरत्र मात्र त्या दोघींची गाठ पडायला अजून चाळीसएक वर्षे जायची होती.

ती गाठ पडली गणकयंत्रावर. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने प्रकाशाची लेखणी पडद्याला टेकवून रेघा ओढून दाखवल्या. ती होती मापाचीच रेघ. १९७३ साली रिचर्ड शूप याने झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगीत चित्रे रंगवण्याची व्यवस्था उभी केली. १९८४ साली मॅकिंटॉश यंत्राबरोबर बिल ॲटकिन्सनचे मॅकपेंट आले. त्यात रंग दोनच, काळा आणि पांढरा. १९९० साली फोटोशॉप आले. २००८ साली आयफोनसाठी 'ब्रशेस' नावाचे ॲप निघाले, आणि १ जून २००९ च्या 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाचे मुखपृष्ठ होर्हे कोलंबो या चित्रकाराने त्यावर बोटाने रंगवले. त्याच वर्षी सत्तरी ओलांडलेले इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी फोनवर फुले रंगवू लागले. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरून 'प्रोक्रिएट' आले. आज त्याच्यासारखी ॲपे गल्लोगल्ली आहेत.

आता कोणी म्हणेल, साली सांगितलीत, पण आत होते काय ते सांगा. सांगतो. त्यासाठी गणित फार लागत नाही. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आठवा, म्हणजे झाले.

तुम्ही काचेवरून बोट ओढता तेव्हा फोनला रेघ दिसत नाही. त्याला दिसतात ठिपके. साधा फोन सेकंदाला साधारण साठ वेळा विचारतो, बोट कोठे आहे? बोट सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने गेले, तर दोन ठिपक्यांत अर्ध्या सेंटिमीटरचे अंतर पडते. हे ठिपके सरळ रेघांनी जोडले तर गोल काढायला गेलेल्या मुलीला कोपरे असलेला बहुकोन मिळतो. म्हणून ॲप लिहिणारा एक युक्ती करतो. लागोपाठच्या दोन ठिपक्यांच्या मधला बिंदू घ्यायचा, आणि एका मध्यबिंदूपासून पुढच्या मध्यबिंदूपर्यंत वळणदार रेघ ओढायची. खुद्द ठिपक्याने त्या रेघेला नुसते आपल्याकडे ओढायचे. रांगोळी घालणारी बाई सर्पिणीची कमान ठिपक्यांना वळसा घालून काढते ना, तसेच काहीसे. या वळणाचे गणित कोठून आले ठाऊक आहे? चित्रशाळेतून नव्हे, मोटारीच्या कारखान्यातून. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो याने १९५९ साली आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए याने त्यानंतर थोड्याच वर्षांत, मोटारीच्या पत्र्याचे बाक आकड्यांत मांडण्यासाठी ते तयार केले. लक्ष्मणरावांनी जी वाट नाइलाजाने धरली, त्याच वाटेने अखेर कुंचला यंत्रात शिरला!

वळण मिळाले, आता रंग भरायचा. तो भरतात ठशांनी. ब्रशच्या टोकाचा एक छोटा ठसा घ्यायचा, कधी मऊ कडांचा गोल, कधी केसांच्या खुणा असलेला, आणि तो त्या वळणावर एकापुढे एक उमटवीत जायचे. ठसे जवळ जवळ पडले की डोळ्याला सलग रेघ दिसते. समजा ब्रशची रुंदी चाळीस बिंदूंची आणि ठशांतले अंतर रुंदीच्या एकदशांश, म्हणजे चार बिंदूंचे; तर हजार बिंदूंच्या रेघेवर अडीचशे ठसे पडतात. येथे एक गोम आहे. ठसे वेळेच्या अंतराने नव्हे, जागेच्या अंतराने पडले पाहिजेत. नाहीतर बोट सावकाश गेले की रंगाचा ढीग आणि झपकन गेले की मण्यांची माळ! एका तुकड्याच्या शेवटी दोन बिंदूंचे अंतर उरले तर ते पुढच्या तुकड्यात मोजायचे, टाकून द्यायचे नाही. कापड मापताना वार मधेच संपला तर दुकानदार पुढचा हात तेथूनच धरतो की नाही, तसे.

पुढची अडचण जलरंग शिकलेल्याला लगेच समजेल. तुम्हाला अगदी फिका रंग हवा आहे, शंभरात वीस भाग दाट. म्हणून प्रत्येक ठसा वीस टक्के दाट ठेवला. पण वर सांगितल्याप्रमाणे रेघेच्या मध्यावर एकावर एक दहा ठसे पडतात. पहिल्या ठशानंतर खालच्या कागदाचा ऐंशी टक्के भाग दिसतो, दुसऱ्यानंतर त्या ऐंशीचा ऐंशी टक्के, म्हणजे चौसष्ट. असे करीत दहाव्यानंतर कागद जेमतेम अकरा टक्के उरतो. मागितला होता वीस टक्के रंग, पडला एकोणनव्वद टक्के! त्यावर उपाय असा की एका दमातली सगळी रेघ आधी वेगळ्या पारदर्शक पापुद्र्यावर जमा करायची, आणि मग तो पापुद्रा एकदाच, वीस टक्के दाट करून, चित्रावर ठेवायचा. चित्रकलेचे शिक्षक मुलांना काय सांगतात? वॉश ओला आहे तोवर एका दमात पुरा करा. वाळल्यावर परत हात फिरवलात तर डाग पडेल. तेच तत्त्व. बोट उचलले की पापुद्रा वाळला. पुन्हा टेकवले की दुसरा थर. म्हणून चांगल्या ॲपमध्ये दोन निरनिराळे दांडे असतात. एक संबंध फटकाऱ्याची दाटी ठरवतो, दुसरा प्रत्येक ठशातून वाहणारा रंग ठरवतो. ते दोन का आहेत, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

हाताच्या दाबाचे काय? बोटाचा दाब बहुतेक काचांना नीट कळत नाही. तेव्हा वेगावरून अंदाज करतात. झपाट्याने गेलेली रेघ बारीक, रेंगाळलेली जाड. दाब आणि कल दोन्ही सांगणारी वेगळी लेखणी मिळते, पण ती महाग पडते. खोडरबर म्हणजे काय तर तोच ब्रश, रंग देण्याऐवजी काढून घेणारा. आणि चुकलेली रेघ मागे घेण्याची सोय? तिची किंमत ऐका. २०४८ बाय २७३२ बिंदूंच्या एका चित्राला प्रत्येक बिंदूमागे चार बाइट धरले तरी सव्वादोन कोटींच्या आसपास बाइट लागतात. प्रत्येक रेघेआधी सगळ्या चित्राची प्रत ठेवली तर वीस रेघांत साधा फोन गुदमरेल. म्हणून चित्राचे चौकोनी तुकडे करतात आणि ज्या तुकड्यांना रेघेने स्पर्श केला तेवढेच जपून ठेवतात.

रंगांची गंमत तर आणखी निराळी. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, हे बालवाडीतले पोर सांगेल. काचेला सांगून बघा! काचेचे रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या आकड्यांत असतात. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांची सरासरी काढली तर तिन्ही आकडे सारखे येतात, म्हणजे राखाडी. खरा रंग प्रकाश शोषतो, परततो, विखुरतो. त्याचा हिशेब पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली मांडला होता. योगायोग असा की त्याच साली मुंबईत दांडेकर बंधूंनी तो धंदा सुरू केला ज्यातून पुढे कॅम्लिन झाली; म्हणजे आपल्या मुलांच्या दप्तरातली रंगपेटी. पेटीतल्या रंगाला जे सहज येते, ते फोनवर झटपट करून दाखवायला २०२१ साल उजाडले. प्राग येथील संशोधकांनी तेव्हा ती रीत प्रसिद्ध केली.

वाचकहो, हे सगळे तपशील मी हौसेखातर सांगितले नाहीत. यातून एक गोष्ट दिसते. ॲपमधला ब्रश लिहिणारा माणूस अजिंठ्याच्या नकलाकारासारखाच आहे. चिताऱ्याच्या मनगटात जे मुकाट्याने होते, ते त्याला शब्दांत आणि आकड्यांत सांगावे लागते. ठसा कोणत्या आकाराचा, किती अंतरावर, किती कललेला, कोणत्या वेगाला किती जाड. यांतला प्रत्येक आकडा कोणीतरी ठरवलेला आहे. आणि ठरवणाऱ्याने कोणाचा हात डोळ्यांपुढे धरला, यावर आपल्या मुलीच्या रेघेचे भवितव्य अवलंबून आहे.

एक उदाहरण देतो, ते आपल्या लिपीचे. आपले जुने लेखक बोरूने लिहीत. देवनागरीसाठी बोरूचे टोक तिरके कापतात, आणि रोमन लिपीसाठी लेखणी जशी धरतात त्याच्या उलट बाजूला त्याचा तिरकेपणा असतो. त्यामुळे इंग्रजी अक्षरात जी तिरपी रेघ जाड येते ती देवनागरीत बारीक येते, आणि तेथली बारीक ती येथे जाड. आता ॲपमधला सुलेखनाचा चपटा ब्रश ज्याने रोमन अक्षर डोळ्यांपुढे ठेवून घडवला, त्याच्या ब्रशाने मुलीने 'र' काढला तर काय होईल? जेथे अंग भरायचे तेथे रेघ रोडावेल आणि शेपूट सुजेल. मुलीला वाटेल, माझेच अक्षर वाईट. अक्षर वाईट नसते हो. ठशाचा कोन परका असतो. तो एक आकडा आहे, आणि पुष्कळ ॲपांत तो बदलता येतो. पण बदलता येतो हे कोणीतरी तिला सांगायला हवे, आणि किती बदलायचा हे ठाऊक असलेला माणूस जवळ हवा.

असे माणूस आपल्याकडे होते, आणि अजून थोडे आहेत. साताऱ्याच्या पेठांत, सांगलीच्या बाजारात, मिरज-कराडच्या स्टँडांभोवती दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर. खडूच्या दोरीने शिरोरेषेची खूण मारायची, चपट्या ब्रशाने उभा दंड एका श्वासात खाली आणायचा, वळणावर ब्रश दोन बोटांत किंचित फिरवायचा. हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. गेल्या पंचवीसएक वर्षांत फ्लेक्सचे फलक आले, आणि छापील पाटी स्वस्त व झटपट झाली. गिऱ्हाईक गेले तसे पेंटर दुसऱ्या धंद्यांना लागले. फ्लेक्सला दोष देऊन काय उपयोग? स्वस्त वस्तू लोक घेणारच. पण मेणवलीच्या चिताऱ्याचा हात निदान भिंतीवर राहिला. या पेंटरांच्या पाट्या तर उतरवून भंगारात जातात. त्यांचा हात कोठे राहणार?

माझे म्हणणे एवढेच आहे की तो हात आता राहू शकतो, आणि पूर्वी कधी नव्हे इतक्या सोप्या रीतीने. बाळासाहेबांना अजिंठ्याला जाण्यासाठी चित्रकारांचा तांडा न्यावा लागला. आज आपल्या कॉलेजांतली आणि कलाशाळांतली दोन मुले एका म्हाताऱ्या पेंटरापाशी दुपारभर बसली तरी पुष्कळ होईल. त्यांच्या ब्रशाचा ठसा कागदावर घ्यावा, त्याचा फोटो काढावा. ब्रश किती कलतो, वळणावर किती फिरतो, कोठे दाबतो, हे चित्रफितीत उतरवावे. पुष्कळ ॲपांत स्वतःचा ठसा घालून नवा ब्रश करण्याची सोय असते. त्या ब्रशाला त्या पेंटरचे नाव, त्याला विचारून, द्यावे. संगणक शिकणाऱ्या मुलांनी एक पाऊल पुढे जावे आणि मराठी अक्षरासाठी ब्रश मुळापासून लिहून पाहावा. त्याला काय काय लागते ते वर आलेच आहे, आणि त्यात विजेच्या गतीचे गणित नाही, शाळेतले भूमितीचेच पुष्कळसे आहे.

लक्ष्मणरावांना रंग नीट दिसत नव्हते. म्हणून त्यांनी हात जोडून बसणे पत्करले नाही, मापाची रेघ धरली आणि माळावर गाव उभे केले. आपल्याला रंग दिसतात, रेघही येते, आणि मापही आता खिशात आले आहे. काचेखाली कोणाचा कुंचला असावा हे ठरवणारे लोक जगात थोडे आहेत. त्यांच्यात आपली चारदोन माणसे असावीत, एवढी इच्छा बाळगायला काही हरकत नसावी. तेवढे झाले तर पुढचा एखादा इतिहासाचा मास्तर कुंचल्याची वंशावळ सांगताना आपल्याही पिढीची नावे घेईल.